मदत हवी आहे: स्वतःची कार ॲपवरून भाड्याने द्यायची तर विम्याचं नेमकं काय होतं?

सिंहगडरोडकर

नमस्कार मंडळी,

आम्ही पुण्यात राहतो. पांढऱ्या पाटीची पेट्रोल हॅचबॅक आहे, ती आठवडाभर सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभी असते. नवरा मेट्रोने ऑफिसला जातो, माझं काम घरूनच चालतं. कर्जाचे हप्ते मात्र चालू आहेत. म्हणून गाडी ॲपवर नोंदवून सेल्फ ड्राइव्हसाठी द्यावी असं घरात चाललंय. भाडं किती सुटतं हा माझा प्रश्न नाही. जीव अडकलाय तो विम्यात.

आमची पॉलिसी काढून वाचली. 'वापराच्या मर्यादा' या मथळ्याखाली शर्यती आणि मालवाहतुकीच्या जोडीला भाडं किंवा मोबदला घेऊन केलेला वापर स्पष्ट वगळलेला आहे. ॲपवाले म्हणतात, काळजी करू नका, प्रत्येक बुकिंगला आमचं संरक्षण असतं. त्यांच्या अटीही वाचल्या. पोचा आला, बंपर तुटला, काच फुटली तर काय मिळेल ते आहे. पण आपली गाडी दुसरा कुणी चालवत असताना रस्त्यावरचा माणूस जायबंदी झाला किंवा दगावला, तर भरपाई कोण देणार? त्यावर एक सरळ वाक्य सापडलं नाही.

म्हणजे आपली पॉलिसी हात वर करणार आणि ॲपचं संरक्षण गाडीच्या पत्र्यापुरतंच, असं तर नाही ना? गाडी चोरीला गेली तर? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहा. दुसऱ्याच्या घरातला माणूस आपल्या गाडीखाली यावा आणि त्याच्या बायकामुलांना भरपाईसाठी दारोदार फिरावं लागावं, हा विचार मला सहन होत नाही.

चाकण_हायवे

मोटर क्लेमच्या कामात बरीच वर्षं काढली आहेत, म्हणून जरा लांबण लावतो.

तुमच्या गाडीचं नुकसान आणि थर्ड पार्टी (म्हणजे रस्त्यावरच्या तिसऱ्या माणसाची भरपाई) हे दोन विषय वेगळे ठेवा. गाडीच्या नुकसानीत भाड्याचा वापर उघड झाला की कंपनी बहुधा क्लेम फेटाळते. पण तिथे दार अगदीच बंद नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये नितीन खंडेलवाल प्रकरणात (गाडी चोरीला गेली होती) आणि २०१० मध्ये अमलेंदू साहू प्रकरणात (अपघात) दावा 'नॉन-स्टँडर्ड' (अट मोडली, तरी पूर्ण न फेटाळता काही कापून द्यायचा) धरून ७५ टक्के रक्कम द्यायला लावली. दोन्हीकडे कंपनीचं म्हणणं होतं की खाजगी गाडी भाड्याने वापरली. पण तिथवर पोचायला ग्राहक मंचापासून दिल्लीपर्यंत लढावं लागलं, हे विसरू नका.

चोरीत आणखी एक फट आहे. गाडी नेणाऱ्याने ती परतच आणली नाही, तर चावी तुम्हीच दिलेली असते. पोलीस भारतीय न्याय संहितेचं चोरीचं कलम ३०३ न लावता विश्वासघाताचं ३१६ लावू शकतात. मग कंपनी म्हणते, ही चोरीच नाही. ॲपच्या अटींत 'गाडी परत न केल्यास' असं वेगळं लिहिलंय का, तेवढं बघा.

आता थर्ड पार्टी, खरी भीती इथे आहे. मृत्यू किंवा इजेच्या भरपाईला पॉलिसीत वरची मर्यादा नसते. मृताचं वय, कमाई आणि त्याच्यावर अवलंबून असलेली माणसं पाहून मोटार अपघात दाव्यांचं न्यायाधिकरण रक्कम ठरवतं. दाव्यात आरसीवरचा मालक प्रतिवादी असतोच, गाडी कुणीही चालवत असो. मोटार वाहन कायद्याच्या कलम १५० मध्ये (पूर्वीचं १४९) कंपनीला हाच बचाव दिलाय: परमिट नसलेली गाडी भाड्याने वापरली. अनेकदा न्यायाधिकरण सांगतं की कंपनीने आधी पीडिताला पैसे द्यावेत आणि मग मालकाकडून वसूल करावेत. पीडिताच्या घरच्यांना पैसे मिळतात, ते मिळायलाच हवेत. पण ती वसुली तुमच्या दारात येते.

आणि तुमच्या पॉलिसीतला १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा फक्त मालक-चालकाचा असतो. गाडी नेणाऱ्याला त्याचा उपयोग नाही.

खाडीकाठचा_वारा

मी दिली आहे गाडी, चांगले पैसे मिळाले, कधी त्रास झाला नाही. एवढं घाबरू नका.

सिंहगडरोडकर

@खाडीकाठचा_वारा, तुम्हाला त्रास झाला नाही याचा आनंद आहे. पण अपघात झाला असता तर कुठली पॉलिसी लागू झाली असती? तुमच्याकडे तिचा नंबर किंवा प्रत आहे का? खरंच विचारतेय, असेल तर मला फार मदत होईल.

मांडवीपलीकडे

ताई, आमच्या गोव्यात भाड्याची सेल्फ ड्राइव्ह गाडी लांबून ओळखू येते. काळी पाटी, पिवळी अक्षरं. पांढऱ्या पाटीची गाडी पर्यटकांना भाड्याने दिली की आरटीओवाले पकडतात. परमिटशिवाय वापरल्याबद्दल कलम १९२-अ खाली पहिल्याच वेळी १० हजार दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैदही होऊ शकते. आणि काळी पाटी घेऊ म्हटलं, तर १९८९ च्या रेंट-अ-कॅब योजनेत परवान्याला किमान ५० गाड्या लागतात. एका गाडीच्या मालकाला तो परवाना मिळत नाही. तेव्हा पाटीचा प्रश्न आधी आणि विम्याचा त्याच्या मागोमाग, कारण कंपनी परमिटवरच बोट ठेवणार.

चाकण_हायवे

बरोबर. आणि हप्ते चालू आहेत ना? कर्जाचा करार काढून बघा. गाडी बँकेकडे तारण आहे, भाड्याने देण्याबद्दल त्यात अट असू शकते.

सिंहगडरोडकर

सर्वांचे मनापासून आभार. गाडी सध्या ॲपवर टाकत नाही. नवऱ्यालाही हा धागा वाचायला दिलाय.

ॲपला आजच ईमेल लिहिते. थर्ड पार्टीसाठी कुठल्या विमा कंपनीची पॉलिसी आहे? तिच्यात भाड्याचा वापर मान्य केलाय का? मालक म्हणून माझं नाव त्यात आहे का? पांढऱ्या पाटीची गाडी ते कुठल्या परवान्यावर देतात? आमच्या विमा कंपनीलाही विचारते की जास्त प्रीमियम घेऊन हा वापर पॉलिसीत जोडून देतील का. अशी पॉलिसीची प्रत कुणाला प्रत्यक्ष मिळाली असेल तर इथे जरूर सांगा.

चाकण_हायवे

फोनवर विचारू नका, लेखीच घ्या. आणि उत्तरात 'प्रोटेक्शन प्लॅन' एवढंच आलं, तर विमा कंपनीचं नाव आणि पॉलिसी नंबर पुन्हा मागा.