वय वाढल्यावर रिव्हॉल्व्हरचा धक्का मनगटाला सोसेना

प्रश्न (खानापूर): मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त होऊन गावी स्थायिक झालो असून, परवान्याच्या .३२ रिव्हॉल्व्हरने सराव करताना अलीकडे अंगठ्याच्या मुळाशी ठणका लागतो. सुमारे ५०० ग्रॅमचे हलके ‘निर्भीक’ हे भारतीय बनावटीचे रिव्हॉल्व्हर घेतल्यास त्रास कमी होईल का?

उत्तर (निपाणी): काका, कृपया तसे करू नका. गोळीचा संवेग तोच राहत असल्यामुळे शस्त्र जितके हलके, तितके ते अधिक वेगाने मागे येते. आपल्या वयाला वजनदार पोलादी शस्त्रच बरे. मूठ रुंद आणि रबरी बसवून घ्या, म्हणजे दाब तळहातभर पसरेल.

उत्तर (बेळगाव): .३२ पिस्तूलही मी सुचवणार नाही, कारण त्याच्या ब्लोबॅक रचनेत नळी आणि स्लाइड (वरचा मागे-पुढे सरकणारा भाग) एकमेकांत अडकत नसल्याने स्प्रिंग ताठ ठेवावी लागते आणि स्लाइड ओढतानाच सांधा दुखतो. सरावासाठी नेमबाजीच्या रेंजवरचे, लहान गोळीचे आणि कमी धक्क्याचे .२२ वापरावे. ठणका रात्रीही राहत असेल, तर मात्र आधी अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. संधिवात असल्यास नुसती मूठ बदलून भागणार नाही.

प्रश्नकर्ता: दोघांचाही आभारी आहे. ‘निर्भीक’चा विचार सोडला असून तपासणी याच आठवड्यात करून घेतो.