मदत हवी आहे: ॲसे (औषधाच्या शुद्धतेची टक्केवारी) १०२ च्या खाली उतरतच नाही

अर्धाथेंब: कालपासून तिसऱ्यांदा करतेय. नॉन-ॲक्वियस टायट्रेशन (पाण्याऐवजी ॲसेटिक ॲसिडमध्ये), ब्युरेटमध्ये ०.१ मोलर पर्क्लोरिक ॲसिड. उत्तर १०२.६ टक्के, हवंय ९९ ते १०१. वजन नीट, हिशोब दोनदा तपासला. संध्याकाळपर्यंत आकडा द्यायचाय. काय चुकतंय?

खलबत्ता: औषध कोणतं ते तर सांगा! हायड्रोक्लोराइड असेल तर क्लोराइड बांधायला मर्क्युरिक ॲसिटेट (पाऱ्याचा क्षार) घातलंत का? नाहीतर एंड पॉइंट (टायट्रेशन संपल्याची खूण) नीट मिळायचा नाही.

अर्धाथेंब: मेट्रोनिडॅझोल. सांगितलं असं वाटलं. १५०.२ मिग्रॅ, ५० मिली ग्लेशियल ॲसेटिकमध्ये, रीडिंग ९.०० मिली.

जुनी_ब्युरेट: हा स्वतःच बेस आहे, क्लोराइड आलं कुठून? पारा कशाला ओतायला लावताय, खलबत्ता?

खलबत्ता: मी "असेल तर" म्हटलंय. वाचत चला. आमच्याकडे वर्षानुवर्षं घालत आलोत, कुणाचं काही बिघडलं नाही.

जुनी_ब्युरेट: आणि तो पारा शेवटी कुठे ओतलात?

सोनचाफा: इंडिकेटर कोणता? क्रिस्टल व्हायोलेट आधी निळं होतं, मग हिरवं. निळ्यावर थांबायचं की हिरव्यावर, यात दोघांची रीडिंग कधी जुळत नाहीत. रंगाऐवजी व्होल्टेज बघणारा पोटेंशिओमीटर लावा.

अर्धाथेंब: तोच लावलाय. एंड पॉइंटला मिलिव्होल्टचा उसळा स्वच्छ येतो.

पीएच_सात: एचपीएलसी (घटक वेगळे करून मोजणारं यंत्र) करा, विषय संपला. या काळात ब्युरेट कोण धरतं?

सोनचाफा: शुद्ध कच्च्या मालाला १०० च्या आसपास एक टक्काभर इकडेतिकडे पकडायचं असेल तर टायट्रेशनच बरं. शिवाय एचपीएलसीला तुलनेसाठी स्टँडर्ड लागतं, त्याची शुद्धता आधी कुणीतरी ठरवलेलीच असते ना?

नवशिका२१: माझ्या गोळ्यांत स्टार्च आहे, त्यांनाही हीच पद्धत चालेल का?

जुनी_ब्युरेट: नवशिका, वेगळा धागा काढा. अर्धाथेंब, दोन प्रश्न. ब्लँक (औषधाशिवाय नुसत्या सॉल्व्हंटचं टायट्रेशन) केला? आणि पर्क्लोरिक प्रमाणित केलं, म्हणजे त्याची नेमकी मोलॅरिटी ठरवली, तेव्हा तापमान किती होतं, आत्ता किती आहे?

अर्धाथेंब: ब्लँक नाही केला, सॉल्व्हंट नवीन बाटलीतलं आहे. केएचपीने (पोटॅशियम हायड्रोजन थॅलेट) परवा सकाळी प्रमाणित केलं, बरोबर ०.१००० मोलर. तेव्हा एसी होता, २१ अंश. आता एसी बंद आहे, ३१. याचा काय संबंध?

जुनी_ब्युरेट: बराचसा तिथेच आहे हो! ॲसेटिक ॲसिड अंशाला साधारण ०.११ टक्के फुगतं, पाण्याच्या चौपट. दहा अंशांत द्रावण १.१ टक्के पातळ झालं, म्हणून मिली जास्त लागले. मोलॅरिटीला १ + ०.००११ × १० ने भागा. ब्लँक मात्र प्रत्यक्ष करा, अंदाजाने वजा करू नका.

खलबत्ता: सॉल्व्हंटमधलं पाणीही बघा. ॲसेटिक ॲनहायड्राइड थोडं वाढवा, ते पाणी खातं.

सोनचाफा: जपून! प्रायमरी अमाइन असलेल्या औषधात जादा ॲनहायड्राइड त्याचंच ॲसिटिलेशन करतं, अमाइनचा बेसपणा जातो, मग उत्तर उलट खाली येतं. इथे तसं अमाइन नाही, पण सवय लागायला नको. आणि पर्क्लोरिकमध्ये ते थंड करत, थेंबाथेंबाने.

अर्धाथेंब: ब्लँक ०.१० आला. ८.९० मिली, मोलॅरिटी ०.०९८९, ०.१ मोलरच्या मिलीला १७.१२ मिग्रॅ... १००.३! दोन दिवस मी वजनकाट्याला शिव्या घालत होते.

जुनी_ब्युरेट: अहवालात तापमान लिहा. एवढा फरक असेल तर मी तरी त्याच खोलीत पुन्हा प्रमाणित करून एकदा ताडून घेईन.

खलबत्ता: मी ब्लँक म्हणणारच होतो.

नवशिका२१: आणि माझ्या गोळ्या?