गिरणीत ओरडलेले कळते, मग आईला का कळत नाही?

प्रश्न: आमची पिठाची गिरणी आहे. पट्टा फिरू लागला की गिऱ्हाईक आपोआप मोठ्याने, शब्द लांबवून बोलते आणि मला ते नीट कळते, मात्र ऐंशी वर्षांच्या आईशी तसेच बोललो, तर ती म्हणते, "ओरडतोस कशाला? शब्द कळू देत." असे का होत असावे?

प्रतिसाद १: गोंगाटात आपला आवाज नकळत चढतो, हे फ्रेंच कानतज्ज्ञ एत्येन लोंबार यांनी १९११ मध्ये मांडले, सूरही उंचावतो आणि स्वर लांबतात. आईंची अडचण निराळी आहे. उतारवयात बहुधा उंच पट्टीचे ध्वनी आधी हरपतात, त्यामुळे स, श, थ यांसारखी व्यंजने पुसट होतात आणि ओरडल्याने मुख्यतः स्वरच फुगतात. त्यांची श्रवणचाचणी अवश्य करून घ्यावी.

प्रतिसाद २: माझ्या सासूबाईंशी मी समोर बसून, तोंडावर उजेड येईल अशा बेताने, सावकाश बोलते. 'साखर' कळले नाही, तर तोच शब्द न उगाळता 'चहात घालायची साखर' असे म्हणते. ओठ दिसले आणि संदर्भ मिळाला की त्या उरलेले स्वतःच जुळवतात.

प्रश्नकर्ता: आज दूरदर्शनसंच बंद करून आईसमोर बसलो. औषधाची वेळ तिला एकदाच सांगावी लागली.