पाळणाघरांना सरकारी पैसा द्यायचा का, आणि द्यायचा तर कोणाच्या हातात?

रिकामा_झोपाळा:
पाळणाघर परवडत नाही ही आईबापांची ओरड आणि तिथल्या ताईंना पगार तुटपुंजा ही त्यांची ओरड, दोन्ही एकदम खऱ्या कशा असू शकतात हे बहीण या धंद्यात पडली तेव्हा कळलं मला. हिशोब बघा. तान्ही बाळं असतील तर चारामागे एक बाई लागतेच (एक रडतंय, एकाचं डायपर बदलायचंय, एकाला बाटली हवीय आणि चौथं तेवढ्यात मोजा काढून तोंडात घालून बसलेलं). बाईची ड्यूटी आठ तास पण पाळणाघर दहा तास उघडं, कारण आईबापांना ऑफिसला जायला-यायला पण वेळ लागतोच ना. म्हणजे चार बाळांमागे सव्वा पगार. एका बाळाच्या वाट्याला जवळपास तृतीयांश, आणि यात भाडं, वीज, विमा धरलेलाच नाही. आता त्या ताईंएवढाच पगार असलेल्या आईने हे आणायचं कुठून? फी वाढवली की मुलं गळतात, पगार दाबला की बायका सोडून जातात. म्हणून म्हणते, सरकारने पैसा घालावा आणि तो थेट पाळणाघराला, पगाराच्या नावाने.

सडेतोड:
मूल तुमचं, नोकरी तुमची, खर्च मात्र सगळ्यांचा? वा! जिने नोकरी सोडून घरी मूल सांभाळलं तिने पण कर भरायचा आणि तो जाणार दोन पगार असलेल्या घराला. घरी सांभाळणं हे काम नाही का? फिनलंडने १९८५ च्या कायद्याने घरी सांभाळणाऱ्यांना पण भत्ता सुरू केला. द्यायचेच असतील पैसे तर आईबापांच्या हातात द्या, ते आजीला देतील नाहीतर पाळणाघराला, त्यांचं ते बघतील.

तिरकी_रेघ:
@सडेतोड घरच्या कामाचं पटलं. पण हातात पैसे देऊन जागा वाढतात हे कोणी सांगितलं? बाळांच्या जागा मुळातच कमी असतील तर नुसती फी वाढेल आणि तुमचा भत्ता त्यातच जाईल. कॅनडातल्या क्युबेक प्रांताने १९९७ मध्ये दिवसाला ५ डॉलर फी ठरवून बाकीचा भार सरकारवर घेतला, आणि त्यानंतर तिथे लहान मुलांच्या आया नोकरीत खूप वाढल्या. त्या पण कर भरतातच की.

सडेतोड:
क्युबेकचं अर्धंच सांगताय. बेकर, ग्रुबर आणि मिलिगन या अर्थतज्ज्ञांचा २००८ चा पेपर वाचा, मुलांमध्ये आक्रमकपणा आणि आजारपणं वाढलेली दिसली त्यांना, आईबापांचं वागणं पण जास्त तुटक झालेलं. आणि स्वस्त केल्यावर वेटिंग लिस्ट लागली ती वेगळीच.

तिरकी_रेघ:
तो पेपर बरोबर आहे, नाकारत नाही. पण मला त्यातून दिसतं ते हे की स्वस्त करायची घाई केली आणि दर्जा मागे राहिला. पाळणाघरच वाईट असा अर्थ मी तरी नाही काढणार.

कंपनी_सरकार:
मालकांनाच सांगा ना मग. भारतात २०१७ पासून कायदा आहेच, ५० किंवा जास्त कर्मचारी असतील तर पाळणाघराची सोय द्यायची.

रिकामा_झोपाळा:
@कंपनी_सरकार आणि १२ जणांच्या ऑफिसात काम करणारीने काय करायचं? शिवाय सगळा भार मालकावर टाकला की तो बाईला घेतानाच दहादा विचार करणार, हे काय लपून राहतं का.

@सडेतोड दर्जाचं मान्य, तपासणी हवीच, आणि ती आधी न सांगता. पण दर्जा म्हणजे तरी काय हो, भिंतीवरची चित्रं? तीच बाई रोज दिसणं. पैसा एकदाच देऊन पण भागत नाही. अमेरिकेने २०२१ मध्ये पाळणाघरं टिकवायला २४ अब्ज डॉलर दिले, ती मदत सप्टेंबर २०२३ मध्ये संपली. आता वाढवलेले पगार मालकिणीने पुढे कुठून द्यायचे?

बहिणीकडची सगळ्यात जुनी ताई मागच्या महिन्यात एका दुकानात बिलिंगला गेली. पगार थोडाच जास्त, पण सुट्टीच्या दिवशी फोन येत नाही म्हणाली. तिच्याच खांद्यावर झोपणारं एक दहा महिन्यांचं बाळ होतं, पुढचे चार दिवस दुपारी डोळ्याला डोळा नाही त्याचा. नवीन मुलगी घेऊन फिरायची, ते मान वळवून दाराकडे बघायचं.

सडेतोड:
ताईंच्या पगाराचं पटलं मला, खोटं कशाला बोलू. पण घरी सांभाळणारीला शून्य आणि पाळणाघराला सगळं, याला माझा नकारच. दोघांना द्या, मग बोलू.

रिकामा_झोपाळा:
दोघांना द्यायला माझी ना नाही. पण पहिला हप्ता ताईंच्या पगाराचा, त्यावर मी अडून बसणार.