मदत हवी आहे : एकाच चाकाचं व्हील कव्हर सारखं पडतंय

तीनकव्हरी

मंडळी, प्रश्न किरकोळ आहे, पण आता मी इरेला पेटलोय.

गाडी छोटी हॅचबॅक, सगळ्यात खालचं मॉडेल, सात वर्षं जुनी. अलॉय वगैरे नाहीत. पत्र्याच्या रिमा आणि त्यांच्यावर प्लास्टिकची कव्हरं. टायरवर 155/80 आर 13 असं लिहिलंय. गेल्या वर्षभरात पुढच्या डाव्या चाकाचं कव्हर तीनदा पडलं. पहिलं गाडीबरोबर आलेलं होतं, ते कुठे गळालं कळलंच नाही. घरी आल्यावर शेजाऱ्यांनी दाखवलं तेव्हा लक्षात आलं. दुसरं 'सगळ्या गाड्यांना बसतं' या जातीचं होतं, ते पंधरा दिवस टिकलं. तिसरंही त्याच जातीचं. ते परवा माझ्या डोळ्यांदेखत, आरशात दिसत असताना, गाडी सोडून एकटंच पुढच्या प्रवासाला निघालं. पळत जाऊन आणलं. कड खरवडलीय, पण मागच्या क्लिपा शाबूत आहेत आणि तारही जागेवर आहे.

बाकीच्या तीन चाकांची कव्हरं मूळची आहेत, एकदाही हललेली नाहीत.

मला एक शंका आहे. याच चाकात दर दहा-बारा दिवसांनी हवा भरावी लागते. नव्या कव्हरची खाच अरुंद आहे, त्यामुळे हवेच्या नळीचं तोंड आत जात नाही आणि दर वेळी कव्हर काढावं लागतं. सारखं काढून-घालून ते सैल होत असेल का? आणि चांगलं कव्हर ओळखायचं कसं? कव्हरं काढली तर आतली रिम गंजलेली दिसते, त्यासाठी काय करता?

उंटावरून

दोन केबल टाय लावा, विषय संपला.

खडूस

कव्हरांशिवाय चालवा. गाडीला काडीचा फरक पडत नाही. मी चारही काढून ठेवलीत, नट दिसतात, हवा भरायला सोपं जातं. शोभेच्या वस्तूसाठी रस्त्यावर पळापळ कशाला?

तीनकव्हरी

@खडूस, घरात त्या तीन कव्हरांवरून रोज एक टोमणा ऐकतोय. काढायची तर चारही काढावी लागतील आणि मग आतला गंज बाहेर येईल. सध्या तरी लढतोय.

दहाचा पाना

आधी कव्हर टिकतं कशावर ते बघू. ते पालथं घातलंत की गोल फिरवलेली पोलादी तार दिसेल आणि तिच्या आधाराने उभ्या क्लिपा. तार क्लिपांना बाहेरच्या दिशेने ढकलते, क्लिपा रिमच्या आतल्या कंगोऱ्यावर दाबून बसतात. बाकी कुठेही स्क्रू नाही, काही नाही. म्हणजे सगळा खेळ दोन गोष्टींचा : तारेचा ताण आणि रिमची गोलाई.

माप टायरवरच आहे. 155 ही रुंदी मिलिमीटरमध्ये, 80 हे उंचीचं रुंदीशी टक्केवारीतलं प्रमाण आणि शेवटचे 13 म्हणजे रिमचा व्यास इंचांत. कव्हर घेताना फक्त तो शेवटचा आकडा बघायचा. 14 चं कव्हर 13 वर 'बसवून देतो' म्हणणारे भेटतात, त्यांना नमस्कार करून पुढे निघायचं.

चांगलं कव्हर ओळखायला ते दोन्ही हातांनी किंचित पिळून बघा. जरा वाकून परत सरळ होणारं घ्या, कडकड आवाज करणारं नको. क्लिपा कव्हरच्याच ओतकामातल्या हव्यात आणि तार जाड हवी. काही कव्हरांत तार अडकवायला दोन खाचा असतात, बाहेरची खाच वापरली की ताण वाढतो.

बसवताना व्हॉल्व्हपासून, म्हणजे हवा भरायच्या तोटीपासून, सुरुवात करा. तारेलाही तिथे एक वळण दिलेलं असतं, ते बरोब्बर व्हॉल्व्हवर यायला हवं. ते चुकलं तर तार व्हॉल्व्हला रेटत राहते आणि रबर हळूहळू कापतं. मग तळहाताने समोरासमोर दाबत जा. लाथ मारून बसवणारे पाहिलेत, त्यांच्या क्लिपा पुढच्या खेपेला मोडलेल्या असतात. थंडीत प्लास्टिक ठिसूळ होतं, कव्हर थोडा वेळ उन्हात ठेवा किंवा कोमट पाण्यात बुडवा, मग बसवा.

काढतानाही एकाच जागी पेचकस खुपसून उपटायचं नाही. टोकाला फडकं गुंडाळा आणि कडेने तीन-चार ठिकाणी थोडं थोडं उचका.

गाडी शिकतेय

मध्येच विचारते. माझ्या गाडीचं कव्हर असं निघतच नाही. खूप ओढलं तर मधून तडकलं. मी काय चुकले?

दहाचा पाना

@गाडी शिकतेय, तुमचं कव्हर बहुतेक नटांखाली दाबलेलं आहे, ते ओढून निघत नाही. अशा कव्हराची भोकं नटाच्या कडेपेक्षा लहान असतात. खरे नट सोडवले तरच ते सुटतं. उलट काही कव्हरांवर नुसते प्लास्टिकचे खोटे नट असतात, त्यांना पाना लावून लोक घाम गाळतात. म्हणून आधी बोटाने वाजवून बघावं, पोकळ वाजलं तर खोटा.

नट सोडवायचेच असतील तर गाडी सपाट जागी घ्या, हातब्रेक ओढा, उचलायच्या चाकाच्या तिरप्या समोरच्या चाकाला दगड लावा आणि गाडी उचलण्याआधीच नट थोडे ढिले करा. परत घट्ट करताना समोरासमोरचे नट आळीपाळीने. किती ताकद लावायची तो आकडा गाडीच्या पुस्तकात असतो. पान्याला पाइप जोडून त्यावर उभं राहणं म्हणजे पुढच्या पंक्चरच्या दिवशी स्वतःच्याच नावाने बोटं मोडणं. 50-100 किलोमीटरनंतर नट पुन्हा एकदा तपासायचे, हे बहुतेक जण विसरतात.

उंटावरून

इतकं सगळं करण्यापेक्षा केबल टाय!

धुवून पुसून

@उंटावरून, टायला माझा विरोध नाही, पण तो कसा लावायचा तेही सांगा की. काळे टाय घ्यायचे, ते उन्हात पांढऱ्यांपेक्षा जास्त टिकतात. कव्हरची फट आणि रिमचं भोक यांतून ओवून गाठ बाहेरच्या बाजूला ठेवायची. छोट्या गाड्यांत रिम आणि ब्रेकचा कॅलिपर (ब्रेकची चकती दोन्हीकडून दाबणारा भाग) यांच्यात जागा बेताची असते, गाठ किंवा शेपटी आत राहिली तर घासू शकते. आणि डिकीत कापायला पक्कड नसेल तर पंक्चरच्या वेळी दातांनी तोडायची तयारी ठेवा.

गंजाबद्दल : वरवरचा असेल तर तारेच्या ब्रशने खरवडा, प्रायमर मारा, मग काळ्या रंगाचे पातळ हात. दोन जागी मात्र रंग लागू द्यायचा नाही. नट बसतात त्या उतरत्या कडांवर आणि रिमची पाठ जिथे हबला, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या भागाला, टेकते तिथे. तिथला रंग दाबाने चेपतो आणि घट्ट केलेले नट ढिले पडतात. या दोन्ही जागा चिकटपट्टीने झाका.

कव्हर धुवायला साबणाचं पाणी आणि मऊ ब्रश पुरे. पुढच्या चाकांवर येणारी तपकिरी भुकटी ही ब्रेकची असते, तिच्यात लोखंडाचे कण असतात, महिनोन् महिने राहू दिली तर प्लास्टिकवरचा रंग खाते. थिनर अजिबात नको, रंग तर जातोच, वर प्लास्टिक मऊ पडून चिकट होतं. पावसाळ्यानंतर चारही काढून आतून धुवा. रिमच्या एका बाजूला चिखल वाळून बसला तर स्टिअरिंग थरथरतं आणि आपण चाकाचं वजन सगळीकडे सारखं करून देणाऱ्या बॅलन्सिंगवाल्याला दोष देतो.

दहाचा पाना

तीनकव्हरी, मूळ प्रश्न पुन्हा वाचला. तुम्ही हवेचं कारण उलटं लावताय असं वाटतं. कव्हर सारखं काढल्यामुळे सैल होतं, हे थोडंफार खरं. पण पहिलं मूळचं कव्हर पडलं तेव्हा ते सारखं काढत होतात का? आणि मुळात त्याच चाकातून हवा का जाते?

एक करा. परवा पडलेलं कव्हर मागच्या उजव्या चाकाला लावा आणि तिथलं मूळचं पुढच्या डाव्याला. आठवडाभर चालवा. मूळचं गळू नये म्हणून त्याला उंटावरूनांचे टाय लावा, पण जरा ढिले. शिवाय त्या रिमच्या बाहेरच्या कडेवर बॅलन्सिंगचं अडकवायचं वजन आहे का बघा. त्यावर कव्हरची कड टेकली तर ते पूर्ण बसतच नाही.

तीनकव्हरी

वजन आतल्या कडेला आहे, बाहेर नाही. पहिलं पडलं तेव्हा, नाही हो, कधीच काढत नव्हतो. हवेचा त्रास साधारण त्याच सुमारास सुरू झाला. अदलाबदल आजच करतो.

तीनकव्हरी (आठ दिवसांनी)

'कुठल्याही गाडीला बसणारं' कव्हर मागच्या उजव्या चाकाला गोचिडीसारखं चिकटून आहे. मूळचं, ज्याने सात वर्षं जागा सोडली नव्हती, ते पुढच्या डाव्या चाकावर चौथ्याच दिवशी एका बाजूने सुटून टायवर लोंबत होतं. कटकट आवाज येत होता म्हणून थांबलो.

दहाचा पाना

म्हणजे कव्हर निर्दोष. रिम बघा. चाक जॅकवर उचला, एखादी वीट किंवा डबा शेजारी ठेवून त्यावर खडू असा धरा की टोक रिमच्या कडेला जेमतेम लागेल, आणि चाक हाताने सावकाश फिरवा. रिम गोल असेल तर खडूची रेघ सगळीकडे सारखी उमटेल. गाडीखाली हात-डोकं घालू नका. मग टायर जिथे रिमला टेकतो तिथे साबणाचं पाणी सोडा.

तीनकव्हरी

सापडलं! खडू एका वितीएवढ्या भागात लागतच नाही. कव्हर असताना ते कधी दिसलंच नव्हतं, आणि कव्हर काढायचो तेव्हा माझं लक्ष हवेच्या नळीकडे. कड आतल्या बाजूला दबलीय, आणि नेमके तिथेच साबणाचे बारीक फुगे येतात. मागच्या पावसाळ्यात पाण्याने भरलेल्या एका खड्ड्यात याच बाजूने दणका बसला होता, ते आता आठवतंय.

दहाचा पाना

झालं तर मग. कड दबली की रिम अंड्यासारखी होते. काही क्लिपांवर जास्त दाब, बाकीच्या अधांतरी. खडबडीत रस्त्यावर कव्हर एका बाजूने सरकत सरकत सुटतं, आणि त्याच फटीतून हवा जाते. कव्हर तुम्हाला वर्षभर हेच सांगत होतं.

टायर उतरवून रिम मशीनवर सरळ करून घ्या. हातोड्याने ठोकून देणारे असतात, तिकडे नको. कुठे चीर दिसली, विशेषतः जोडाजवळ, तर ती रिम बाद. ती स्टेपनी म्हणूनही ठेवू नका. टायरची भिंत आतून-बाहेरून तपासायला सांगा, रिम वाकवणारा दणका टायरचे धागेही तोडतो. बाहेर फुगवटा आला असेल तर टायरही गेला. चाक परत चढवताना बॅलन्सिंग करून घ्या.

खडूस

मी चारही कव्हरं काढून ठेवली होती, रिमा वर्षभर डोळ्यांसमोर आहेत, आणि आज पहिल्यांदा त्यांच्याकडे नीट बघितलं. मागची उजवी जरा चेपलेली वाटतेय. खडू आणतो.

तीनकव्हरी (तीन आठवड्यांनी)

रिम सरळ झाली, चीर नव्हती, टायरही धड निघाला. एकवीस दिवसांत हवा भरलेली नाही. मूळचं कव्हर परत आपल्या जागी मागे, आणि रस्त्यावर खरवडलेलं पुढे डावीकडे, बिनटायचं. आता अडचण एवढीच की तीन कव्हरं राखाडी आणि एक चंदेरी. टोमणे सुरूच आहेत. घरच्या घरी रंगवता येईल का?

धुवून पुसून

येईल. आधी साबणाने धुवून वाळवा, 600 नंबरच्या पॉलिश पेपरने घासून चमक घालवा, मग प्लास्टिकवर चालणारा प्रायमर, मग रंगाचे तीन पातळ हात, मधे वाळायला वेळ देऊन. प्रायमर टाळलात तर पहिल्या धुण्यात साल निघेल. आणि चारही रंगवा. एकच रंगवलंत तर राखाडीच्याही दोन छटा होतील.

उंटावरून

उरलेले टाय मला परत पाठवा.