मदत हवी आहे : पावसाळी ट्रेकला अंगालगत कोणता कपडा?

ऑगस्टमध्ये पाचनईमार्गे हरिश्चंद्रगड, एक रात्र मुक्काम. मागच्या पावसाळ्यात राजगडला सुती टी-शर्ट आणि जीन्स घालून गेले (हो, माहितीये). जीन्स भिजून इतकी जड झाली की चोर दरवाजाच्या चढावर गुडघा उचलेना, आणि पद्मावती माचीवरच्या वाऱ्यात हुडहुडी भरली. मग पॉलिएस्टरचे ड्राय-फिट घेतले. वाळतात झटकन, पण सॅकच्या पट्ट्याखाली पुरळ येतं. एक माप सैल घेऊन पाहिलं, फरक शून्य. मेरिनो लोकर (मेरिनो मेंढीची मऊ, बारीक लोकर) बजेटबाहेर. माझं बजेट दोन टी-शर्टना मिळून दोन हजार. रेनकोट आहे, पँट नायलॉनची ठरलीये.

पॉलिएस्टर-सुती मिश्रण किंवा बांबू व्हिस्कोस (बांबूच्या लगद्यापासून केलेलं कापड) भर पावसात कोणी वापरलंय का? रात्री पिळून दोरीवर टाकलं तर सकाळी घालण्याइतपत वाळतं का?