.बीएनके फाइलमधून काढलेले आवाज वाजत नाहीत, नुसती खरखर ऐकू येते

प्रश्न : नादलुब्ध

एका गेमच्या फोल्डरमध्ये सुमारे १८० मेगाबाइटची एक .बीएनके फाइल (अनेक आवाज एकत्र ठेवणारी ‘बँक’) आहे आणि तिच्यातील संगीत, पावलांचे व दारांचे आवाज वेगळे काढून ऐकावेत, एवढाच माझा उद्देश आहे. हेक्स एडिटरमध्ये (फाइलचे बाइट जसेच्या तसे दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये) आत जागोजागी ‘आरआयएफएफ’ ही चार अक्षरे दिसली, वेव्ह फाइल याच अक्षरांनी सुरू होते, म्हणून तिथून पुढच्या ‘आरआयएफएफ’पर्यंतचा भाग कापून ठेवणारी छोटी पायथन स्क्रिप्ट लिहिली. ४१२ तुकडे निघाले. त्यांना .वेव्ह हे एक्स्टेन्शन दिले, पण एकही प्लेअर ते वाजवायला तयार नाही. त्यांतला २,४०,००० बाइटांचा एक तुकडा ऑडॅसिटी या ध्वनिसंपादकामध्ये ‘रॉ डेटा’ म्हणून, १६ बिट, स्टीरिओ, ४८,००० हर्ट्‌झ असे सांगून उघडला, तर सव्वा सेकंद खरखर झाली आणि संपली. कापताना माझे काही चुकले आहे, की फाइल एन्क्रिप्ट केलेली आहे?

प्रतिसाद १ : बाइटशोधक

एन्क्रिप्ट केलेल्या फाइलमध्ये ‘आरआयएफएफ’ इतके लख्ख दिसत नाही, त्यामुळे ती शंका तूर्त बाजूला ठेवावी. तुमची सव्वा सेकंदाची खरखरच पुरेसे सांगून जाते. १६ बिट, स्टीरिओ, ४८,००० हर्ट्‌झच्या कच्च्या आवाजाला दर सेकंदाला १,९२,००० बाइट लागतात, म्हणजे २,४०,००० बाइटांत बरोबर सव्वा सेकंद बसतो. तुम्ही कॉम्प्रेस केलेला डेटा कच्चे सॅम्पल समजून वाजवलात, इतकेच झाले आहे.

आता तोच तुकडा हेक्स एडिटरमध्ये उघडा आणि शून्यापासून मोजत २० व्या व २१ व्या स्थानावरचे बाइट पाहा. साध्या वेव्ह फाइलमध्ये तिथे ‘०१ ००’ असते. तुमच्याकडे ‘एफएफ एफएफ’ असेल, तर तो वाइज या ऑडिओ इंजिनाच्या पद्धतीने बांधलेला व्हॉर्बिस, म्हणजे एका पद्धतीने कॉम्प्रेस केलेला आवाज, आहे. २८ व्या स्थानापासूनच्या चार बाइटांत दर सेकंदाचे सरासरी बाइट लिहिलेले असतात. तिथे समजा १२,००० निघाले, तर तुमचा तुकडा सव्वा नव्हे, २० सेकंदांचा आहे.

खरी मेख पुढे आहे. ऑग या फाइल प्रकारातल्या नेहमीच्या व्हॉर्बिसमध्ये आवाजाआधी तीन हेडर पॅकेट येतात आणि त्यांतल्या तिसऱ्यात डीकोडिंगसाठी लागणारी कोडबुके पूर्ण लिहिलेली असतात. हे पॅकेट बऱ्याचदा ३-४ किलोबाइटांचे असते. पावलाचा आवाजच मुळात तेवढा असेल, तर प्रत्येक पावलामागे तितकाच बोजा वाहायचा कशाला, असा विचार करून वाइज कोडबुके फाइलमधून काढून टाकते आणि त्यांचे फक्त क्रमांक ठेवते. मूळ कोडबुके इंजिनातच राहतात. त्यामुळे साध्या प्लेअरच्या हाती पत्र पडते, पण लिपीचा तक्ता मिळत नाही. व्हीजीएमस्ट्रीम या गेममधले आवाज वाजवणाऱ्या प्रोग्रामकडे हा तक्ता आहे, त्यामुळे तुकड्यांना .वेम हे वाइजच्या फाइलींचे एक्स्टेन्शन देऊन ते थेट त्यालाच द्यावेत. डब्ल्यूडब्ल्यूटूऑग हा रूपांतर करणारा प्रोग्राम वापरून खरी ऑग फाइलही बनवता येते, मात्र त्याच्यासोबत कोडबुकांच्या दोन वेगवेगळ्या फाइली येतात आणि चुकीची निवडली की एकतर एरर येते किंवा पुन्हा तुमची ती खरखर.

प्रतिसाद २ : चौथा बाइट

वरील उत्तर योग्य आहे, परंतु ‘आरआयएफएफ’ शोधून कापणे हा आंधळा कारभार आहे आणि तो सोडावा असे मी सुचवेन. .बीएनके फाइलमध्ये स्वतःची अनुक्रमणिका असते. प्रथम ‘बीकेएचडी’ हा भाग येतो, मग ‘डीआयडीएक्स’ आणि त्यानंतर ‘डेटा’. ‘डीआयडीएक्स’मध्ये प्रत्येक आवाजासाठी १२ बाइट असतात: चार ओळखक्रमांकाचे, चार स्थानाचे, चार लांबीचे, सर्व लिटल-एंडियन, म्हणजे आकड्याचा सर्वांत कमी किमतीचा बाइट आधी. पीसीवरच्या फाइलींत तरी हाच क्रम दिसेल. तुमचे ४१२ आवाज खरे असतील, तर या भागाची लांबी ४,९४४ भरली पाहिजे. स्थान मोजायचे ते ‘डेटा’ हे नाव आणि त्यापुढची लांबी, असे ८ बाइट सोडून. दोन आवाजांमध्ये अनेकदा भरतीची शून्ये असतात आणि तुमच्या पद्धतीत ती आधीच्या तुकड्याच्या शेपटीला चिकटली असणार.

आणखी एक. प्रत्येक गेममध्ये व्हॉर्बिसच असेल असे धरून चालू नये. प्लेस्टेशनच्या एडीपीसीएम या कॉम्प्रेशन पद्धतीमध्ये १६ बाइटांच्या एका ठोकळ्यातून २८ सॅम्पल निघतात आणि ठोकळ्याचा दुसरा बाइट हा फ्लॅग असतो, जो बहुतेक वेळा ‘००’ किंवा ‘०२’ असतो. हेक्स एडिटर १६ स्तंभांवर ठेवून पान खाली सरकवत गेलात, की गजबजाटातून एकच स्तंभ सरळ उभ्या रेघेसारखा उतरताना दिसतो. एकदा नजर बसली, की हेडर नसलेली फाइलसुद्धा ओळखता येते.

नादलुब्ध :

‘एफएफ एफएफ’ निघाले आणि ‘डीआयडीएक्स’ची लांबी नेमकी ४,९४४ भरली. अनुक्रमणिकेप्रमाणे पुन्हा कापून व्हीजीएमस्ट्रीमला दिल्यावर ३९० आवाज स्वच्छ वाजले, दाराची करकर तर अप्रतिम आहे. उरलेले २२ मात्र क्षणभर वाजून तुटतात किंवा उघडतच नाहीत, आणि नेमके तेच संगीताचे असावेत असे वाटते.

चौथा बाइट :

त्या २२ तुकड्यांत ‘आरआयएफएफ’नंतरच्या चार बाइटांतली लांबी वाचा आणि तीत ८ मिळवा; येणारा आकडा तुकड्यापेक्षा बराच मोठा असेल. लांब संगीत डिस्कवरून स्ट्रीम होते आणि ते लगेच सुरू व्हावे म्हणून त्याचा फक्त आरंभ बँकेत ठेवलेला असतो. पूर्ण फाइली त्याच फोल्डरमध्ये किंवा गेमच्या मोठ्या पॅकेजमध्ये, ओळखक्रमांक हेच नाव असलेल्या .वेम स्वरूपात शोधाव्यात. क्रमांक अनुक्रमणिकेत आहेतच.

बाइटशोधक :

नावांसाठी आसपास ‘साउंडबँक्सइन्फो’ नावाची एक्सएमएल फाइल राहून गेली आहे का, तेही पाहा. ती सापडली तर क्रमांकासमोर मूळ फाइलचे नाव मिळते. नसेल तर ४१२ आवाज ऐकूनच नावे द्यावी लागतील. काढलेले संगीत मात्र स्वतःपुरतेच ठेवावे, कारण डीकोड करता आले म्हणून ते इतरत्र टाकण्याचा हक्क मिळत नाही.